रोजची गर्दी, आंबा घाट आणि घराची चढण: मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

नमस्कार.

आमची जुनी मॅन्युअल हॅचबॅक काढून चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी घ्यायची आहे. सगळे कर आणि विमा धरून दहा-साडेदहा लाखांच्या पुढे जायचे नाही, एवढे घरात ठरले आहे. मात्र गाडी मॅन्युअल असावी की ऑटोमॅटिक, यावर एकमत होत नाही. या विषयावरची सर्वसाधारण माहिती वाचून झाली असल्यामुळे प्रश्न शक्य तितका नेमका मांडण्याचा प्रयत्न करतो.

गाडी मुख्यतः माझी पत्नी चालवते. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला जाणे-येणे असते आणि वाकडच्या पुढे दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याचा योग क्वचितच येतो. अर्ध्या क्लचवर तासन्‌तास सरकत राहिल्याने तिचा डावा गुडघा आता कुरकुरू लागला आहे. प्रश्न एवढाच असता तर ऑटोमॅटिक घेऊन मोकळे झालो असतो.

परंतु गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आम्ही देवरुखजवळच्या गावी जातो. कऱ्हाड-मलकापूरमार्गे आंबा घाट उतरून साखरप्याला पोहोचतो आणि परतताना पाच माणसे, एसी आणि डिकीत आंब्याच्या पेट्या एवढा भार घेऊन तोच घाट चढतो. त्याहून अवघड आहे ती रस्त्यापासून घरापर्यंतची जांभ्याची चढण. तिच्या मध्यावर असे वळण आहे की गाडी एका दमात वळत नाही. चढावरच थांबून, थोडी मागे घेऊन पुन्हा पुढे काढावी लागते आणि श्रावण-भाद्रपदात तिथे शेवाळ असते. गावी गाडी वडील चालवतात. त्यांचा हात मॅन्युअलवर बसलेला आहे आणि ऑटोमॅटिकला त्यांचा ठाम विरोध आहे.

त्यांचे तीन आक्षेप आहेत. घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक, म्हणजे खालच्या गिअरने वेग रोखणे, मिळणार नाही, हा पहिला. तो मला पटत नाही, कारण एएमटी आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या दोन प्रकारांपैकी एएमटीत मॅन्युअल मोडवर टाकून खालचा गिअर धरून ठेवता येतो आणि सीव्हीटीतही त्यासाठी ‘एल’सारखी सोय असते. बॅटरी बसली तर धक्का मारून गाडी सुरू होणार नाही, हा दुसरा. तो खरा आहे, पण जम्पर केबल जवळ बाळगली की त्याची धार कमी होते. तिसरा आक्षेप दुरुस्तीचा असून तोच मला सर्वांत वजनदार वाटतो. गावाजवळचा मेकॅनिक क्लचप्लेट बदलून देतो; ऑटोमॅटिकचे काही बिघडले तर गाडी उचलून रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला न्यावी लागेल.

आता ऑटोमॅटिकमध्ये कोणती, हा खरा पेच. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि मॅन्युअलचाच क्लच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्रणा करते. सेलेरिओतून २०१४ मध्ये ती आपल्याकडे आली आणि स्वस्त असल्यामुळे रुळली. स्विफ्ट आणि डिझायरमध्ये तीच मिळते. गिअर बदलताना बसणारा हलकासा हिसका मी सहन करीन. मला काळजी आहे ती क्लचची. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर एएमटीचा क्लच तापतो आणि झिजतो, आणि आमच्या त्या वळणावर वडील नेमके तेच करतील अशी मला भीती आहे. सीव्हीटी अमेझमध्ये मिळते. तिच्यात दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असल्यामुळे टप्प्याटप्प्याचे गिअरच नसतात, म्हणून गर्दीत ती फार गुळगुळीत चालते. पण घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडते आणि वेग मागाहून येतो, आणि तिची दुरुस्ती निघाली तर ती महागात जाते. क्लचऐवजी तेलातून इंजिनाचा जोर पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर चढणीसाठी मला सर्वांत निर्धास्त वाटतो, परंतु त्याची पसंत पडलेली गाडी आमच्या रकमेत बसत नाही. दोन क्लचची डीसीटी त्याच कारणाने बाद केली आहे.

किमतीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यांऐवजी १८ टक्के झाल्याने एएमटीसाठी लागणारे जादा पैसे त्यातूनच निघतात. सीव्हीटीसाठी मात्र हात आखडतो, कारण मोटार वाहन करही किमतीच्या टक्क्यांत असल्यामुळे शोरूममधला फरक रस्त्यावर येईपर्यंत वाढतो.

माझा कल एएमटीकडे आहे आणि पत्नीचा सीव्हीटीकडे. रोज चालवणार ती असल्याने तिच्या मताला अधिक वजन द्यावे, असे मला वाटते. कोकणातल्या चढणींवर यांपैकी कोणतीही गाडी काही वर्षे वापरलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे की भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा निघताना एएमटी किती मागे सरते, आणि हिल होल्डची, म्हणजे ब्रेकवरून पाय काढल्यावरही गाडी चढावर धरून ठेवणाऱ्या सोयीची, दोन-तीन सेकंदांची मदत वडिलांसारख्या सावकाश पाय हलवणाऱ्या माणसाला पुरते का. एएमटीचा क्लच किती किलोमीटरला बदलावा लागला आणि ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर कोणी विश्वासाने करून देते का, हेही कळवावे. सीव्हीटी वापरणाऱ्यांकडून, तेलबदल वेळेवर केल्यावर पुढे काही मोठा खर्च निघाला का, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

शोरूमवाले दोन्ही गाड्या कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत नेऊ द्यायला तयार आहेत. वडिलांसह पाचही जण बसून जाणार आहोत. तेव्हा त्या चढावर नेमके काय काय करून पाहावे, हे कोणी सुचवले तर फार उपयोग होईल.