म्यूझस्कोरमधून दोन-चार बारांचा तुकडा चित्र म्हणून कसा काढायचा?

स्वरमाला_फोंडा
नमस्कार मंडळी. मी लहान मुलांना पियानो शिकवते. त्यांच्यासाठी मराठीतून थिअरीच्या वर्कशीट करते आहे. वर प्रश्न, खाली स्टाफ नोटेशनचे (पाच आडव्या रेषांवरच्या स्वरलिपीचे) दोन-चार बार (दोन उभ्या रेषांमधला एकेक भाग), असे एका पानावर आठेक तुकडे. नोटेशन म्यूझस्कोर ४ मध्ये लिहिते, पान लिबरऑफिस रायटरमध्ये लावते. सध्या स्क्रीनशॉट कापून चिकटवते. पडद्यावर बरं दिसतं, पण छापलं की पाचपैकी दोन रेषा जाड आणि तीन पुसट. स्वर रेषेवर आहे की जागेत, हेच जी मुलं अजून शिकताहेत त्यांच्या हातात असा कागद द्यायला मन होत नाही. म्यूझस्कोर ३ मध्ये कॅमेऱ्याचं बटण होतं, चौकट ओढून तेवढाच भाग सेव्ह करता यायचा. ४ मध्ये ते दिसत नाही. फुकटातला उपाय सुचवा.

खर्ज_सप्तक
ताई, ते बटण ४ मध्ये आणलंच नाही, शोधत बसू नका. आणि स्क्रीनशॉट खरंच सोडा. पडद्यावर रेषा पूर्ण पिक्सेलमध्येच बसवाव्या लागतात, म्हणून एक रेषा एका पिक्सेलची आणि शेजारची दोनची होते. छापताना तोच फरक ठळक होतो.

हवे ते बार निवडा आणि फाइल मेनूतून 'सेव्ह सिलेक्शन' करा, तेवढ्याच बारांची वेगळी फाइल होते. ती उघडून शीर्षकाची चौकट असेल तर काढा, हेडर-फूटर बंद करा आणि एसव्हीजीमध्ये (कितीही मोठं केलं तरी रेषा न फाटणारा चित्र-प्रकार) एक्स्पोर्ट करा. मग इंकस्केप या फुकटच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पानभर पांढरा चौकोन आढळला तर तो आधी डिलीट करा, नाहीतर पान कापलंच जात नाही. त्यानंतर सगळं निवडून कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की पान नोटेशनपुरतं उरतं. रायटर एसव्हीजी थेट घेतो, रेषा छपाईत स्वच्छ येतात.

एक कळकळीची विनंती: चित्राचा कोपरा ओढून आकार बदलू नका. चित्राच्या गुणधर्मांत 'क्रॉप' टॅबवर टक्केवारी भरता येते. सगळ्या तुकड्यांना एकच टक्केवारी द्या. एका पानावर स्टाफ लहान-मोठे झाले की मुलांची नजर अडखळते. म्यूझस्कोरचा नेहमीचा स्टाफ ७ मिमी उंच असतो. लहान मुलांसाठी मी कागदावर ९ मिमीच्या खाली जात नाही.

मींड
पीएनजी चालणार असेल तर इंकस्केपही नको. म्यूझस्कोर कमांड लाइनवरून (टाइप केलेल्या आज्ञेने) चालवून डॅश कॅपिटल टी आणि पुढे १० असं लिहिलं, की नोटेशनभोवती १० पिक्सेल ठेवून बाकीचा कोरा भाग आपोआप कापला जातो. डॅश आर पुढे रिझोल्यूशन द्या. छपाईला ६०० ठेवा, ३०० मध्ये बारीक रेषा कातरल्यासारख्या दिसतात. जेपीईजी मात्र नकोच, रेषांभोवती करडा धुरळा येतो. छापखान्याला व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लिलीपाँडवाला
तुकड्यांचंच काम असेल तर लिलीपाँड हे नोटेशनचं फुकट सॉफ्टवेअर शिकाच. नोटेशन अक्षरांत टाइप करायचं, चालवताना 'क्रॉप' पर्याय द्यायचा, नेमकं कापलेलं चित्र तयार. इंडेंट (पहिल्या ओळीआधीची मोकळी जागा) शून्य करा आणि टॅगलाइन (पानाखाली येणारी सॉफ्टवेअरच्या नावाची ओळ) बंद ठेवा. पहिला आठवडा जड जातो हे खरं. पण शंभर तुकड्यांचा आकार बदलायचा झाला तर एका ओळीत बदलतो.

स्वरमाला_फोंडा
खर्जदादा, तुमच्या पद्धतीने पहिला तुकडा काढला. रेषा सुरेख आल्या! दोन अडचणी आहेत. दोनच बार असूनही ते पानभर ताणले जातात. आणि सतराव्या बारापासूनचा तुकडा घेतला तरी क्रमांक पहिल्यापासूनच मोजला जातो.

खर्ज_सप्तक
ताणण्याचं कारण स्टाइलमध्ये पेज या भागात आहे. 'लास्ट सिस्टिम फिल थ्रेशोल्ड' मुळात ३० टक्के असतो, म्हणजे शेवटची ओळ तेवढी भरली की म्यूझस्कोर ती पूर्ण रुंदीला ताणतो. १०० करा. क्रमांकासाठी पहिल्या बारावर राइट क्लिक करून मेझर (म्हणजे बार) प्रॉपर्टीजमध्ये 'ॲड टू मेझर नंबर' समोर १६ भरा. पहिल्या बाराचा क्रमांक दिसला नाही तर तो स्टाइलमधून दाखवा. हे सगळं एकदा बसलं की स्टाइल वेगळी सेव्ह करा आणि प्रत्येक तुकड्याला लोड करा. क्रमांकाचा आकडा तेवढा दर फाइलला हातानेच भरावा लागेल.

मींड
कोणाकडे सिबेलियस हे नोटेशनचं विकतचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात हवा तो भाग चौकटीने निवडून ग्राफिक म्हणून नेता येतो. डोरिको प्रो या तशाच विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्ग्रेव्ह मोडला ग्राफिक स्लाइस (हवा तेवढा भाग चित्र म्हणून काढायची सोय) आहेत. पण निव्वळ वर्कशीटसाठी एवढा खर्च करू नये.