स्थायी समितीत विषय तहकूब का होतो?

प्रश्न : आमच्या गल्लीतील गंजलेली जलवाहिनी बदलण्याचा विषय स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर येऊन दोनदा तहकूब झाला, आयुक्तांनीच प्रस्ताव ठेवला असताना काम अडते कुठे?

उत्तर १ : १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार निविदा आयुक्त मागवतात, परंतु ठरावीक रकमेपुढील कंत्राटास १६ सदस्यांच्या या समितीची मंजुरी लागते. सदस्य पक्षीय संख्याबळानुसार येतात व निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर (निदान आमच्या शहरात) विषयांची झुंबड उडते.

उत्तर २ : मुंबईकरांनी हे गृहीत धरू नये, तेथे १८८८ चा अधिनियम आहे.

उत्तर ३ : माहिती अधिकारात दोन्ही सभांचे इतिवृत्त मागवा. आमच्या गटाराच्या विषयापुढे ‘दराबाबत खुलासा घ्यावा’ एवढाच शेरा निघाला होता.