स्वयंचलित डिजिटल स्टेशनं: ५०० हर्ट्‌झची सवलत काढून टाकावी का?

लघुलहरी
अमेरिकेतल्या हौशी रेडिओच्या नियमांबद्दल लिहितोय. एफसीसी म्हणजे तिथली दळणवळण नियंत्रक संस्था. तिच्या नियमावलीच्या भाग ९७ मधला ९७.२२१ हा नियम स्वयंचलित डिजिटल स्टेशनांचा, म्हणजे ज्यांच्यापाशी चालवणारा माणूस बसलेला नसतो त्यांचा. एचएफवर, म्हणजे दूरवर पोचणाऱ्या लघुलहरींवर, त्यांना ठरावीक पट्टे नेमून दिलेत. उदाहरणार्थ ४० मीटर तरंगलांबीच्या बँडवर ७.१०० ते ७.१०५ मेगाहर्ट्‌झ, २० मीटरवर १४.०९५ ते १४.०९९५ आणि १४.१००५ ते १४.११२ (मधला तुकडा बीकनसाठी, म्हणजे ओळखीचे खुणेचे सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांसाठी मोकळा). इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण त्याच नियमाचं ‘सी’ पोटकलम म्हणतं की सिग्नल ५०० हर्ट्‌झपेक्षा रुंद नसेल आणि दुसऱ्या, माणसाने चालवलेल्या स्टेशनाला उत्तर देत असेल, तर तो पट्ट्याबाहेर, जिथे डेटाला परवानगी आहे तिथे कुठेही चालेल.

मोर्सवाल्याच्या बाजूने बघा. एक अशक्त स्टेशन ऐकू येतंय, फिल्टर २५० हर्ट्‌झवर आणून कॉलसाइनची (स्टेशनच्या ओळखनावाची) शेवटची दोन अक्षरं पकडायची धडपड चालू आहे. तेवढ्यात त्यावरच पॅक्टर, म्हणजे अशा स्टेशनांची एक डिजिटल पद्धत, सुरू होतं. सव्वा सेकंदाचं चक्र: पॅकेट, पोच, पुन्हा पॅकेट. तुम्ही ‘क्यूआरएल’ (वारंवारता वापरात आहे) पाठवलंत तरी ऐकणार कोण? समोर माणूस असता तर बाजूला सरकला असता.

२०१९ मध्ये आरएम-११८३१ या याचिकेने हे पोटकलम काढण्याची मागणी केली होती. ती मला आजही पटते. शिवाय वारंवारता मोकळी आहे का हे तपासणारा ‘बिझी डिटेक्टर’ सक्तीचा करावा.

दर्यावर्दी
साफ असहमत. ही स्टेशनं आपणहून कुणाला हाक मारत नाहीत. विनलिंक ही रेडिओवरून ई-मेल पोचवणारी यंत्रणा. तिच्या गेटवेला, म्हणजे किनाऱ्यावरच्या स्वयंचलित स्टेशनाला, आधी एक माणूस बोलावतो, मगच ते उत्तर देतं. बोलावण्याआधी कान देणं ही त्या माणसाची जबाबदारी. मुद्दाम अडथळा आणण्याला ९७.१०१ मध्ये मनाई आहेच. तीच नीट राबवा.

आणि सगळ्यांना पट्ट्यात कोंबणार म्हणजे कुठे? ४० मीटरवर जागा ५ किलोहर्ट्‌झ. तिथे २.८ किलोहर्ट्‌झचे दोन सिग्नलही शेजारी शेजारी मावत नाहीत. भर समुद्रातल्या बोटीला हवामानाचा अंदाज मागवायचा असेल तर तिने रांगेत उभं राहायचं का?

लघुलहरी
बोलावणारा ऐकतो, पण कुठून? तो समुद्रात, गेटवे किनाऱ्यावर, मी तिसरीकडे, गेटवेला ऐकू येईन असा. एचएफच्या लहरी आकाशातून उडी मारत जातात, मधल्या जागी उतरत नाहीत, म्हणून त्याला माझा सिग्नल पोचतच नाही. तो प्रामाणिकपणे ऐकून ‘मोकळं आहे’ म्हणतो. मी तिथे आहे हे फक्त गेटवेच्या रिसीव्हरला कळू शकतं, म्हणून डिटेक्टर तिथेच हवा. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती चालू ठेवण्याची सक्ती नियमात नाही, एवढंच.

बिनतारी
दोघांचं वाचलं. माझा कल दर्यावर्दींकडे. डिटेक्टर सक्तीचा झाला की एखाद्याने नुसता कॅरियर (मजकूर नसलेला कोरा सिग्नल) लावून ठेवला तरी गेटवे मुका होईल. कधी कधी तो साध्या गोंगाटालाही सिग्नल समजतो. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिकोचं दळणवळण मोडलं, तेव्हा एफसीसीने पॅक्टर ४ ही वेगवान आवृत्ती वापरता यावी म्हणून ३०० बॉडची (डेटाच्या वेगाची) मर्यादा तात्पुरती शिथिल केली होती. नियम आडवा आला म्हणूनच सूट द्यावी लागली ना? ती मर्यादा २०२३ मध्ये जाऊन २.८ किलोहर्ट्‌झ रुंदीची मर्यादा आली, ते चांगलंच झालं. आता नवा अडसर उभा करू नका.

कानसेन
अडथळ्याइतकाच मला दुसरा प्रश्न सतावतो: हे सिग्नल तिसऱ्या माणसाला वाचता येतात का? अर्थ लपवण्यासाठी संदेश संकेतात बदलायला ९७.११३ ची मनाई आहे. हे स्टेशन हेतूने लपवत नाही, मान्य. पण मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवलेला. आपल्याकडून एक पॅकेट सुटलं की पुढचं उलगडत नाही. ज्याला ते पाठवलंय तो पुन्हा मागू शकतो, आपण नाही. हौशी पट्ट्यांवर आपणच एकमेकांवर लक्ष ठेवतो. वाचताच येत नसेल तर धंद्याचा व्यवहार चाललाय की घरचं पत्र, हे ओळखणार कसं?

दर्यावर्दी
विनलिंकचे संदेश परवानाधारकांना बघता येतात, तशी सोय २०१९ मध्येच झाली.

कानसेन
सर्व्हरवरून, नंतर, आणि त्याच यंत्रणेने दाखवले तर. मला हवेतून, माझ्या रिसीव्हरवर हवेत.

दर्यावर्दी
डिटेक्टरची सक्ती मी मान्य करेन, आपत्कालात तो बंद करायची मुभा नियमातच लिहिली तर. पण ‘सी’ काढायचं असेल तर आधी ४० मीटरची जागा वाढवा.

लघुलहरी
मुभा हवीच, बिनतारींचा मुद्दा त्यापुरता बरोबर आहे. जागेचं अवघड आहे. ७.१२५ पासून वर फोन, म्हणजे आवाजाचं बोलणं, सुरू होतो, आणि ७.०२५ ते ७.१२५ मध्ये टेक्निशियन या सुरुवातीच्या परवान्याची नवी मंडळी मोर्स शिकतात. ४० मीटरवर त्यांना दुसरी जागाच नाही. तरी ७.१०५ ते ७.११० घ्या, माझी हरकत नाही. बाकीचा पट्टा मात्र माणसांनी चालवलेल्या स्टेशनांसाठीच राहू द्या.