भुसावळचं जुनं लाल विटांचं घर, कौलावर १८६५ लिहिलंय, सिमेंट गिलावा करायचा का?

तापीकाठचा:
राम राम मंडळी. भुसावळला आमच्या आजोबांनी एका अँग्लो-इंडियन रेल्वे ड्रायव्हरच्या कुटुंबाकडून घर घेतलेलं, अजून तिथंच राहतो आम्ही. दीड फूट जाड भिंती, बाहेरून गिलावा नाही, लाल विटा उघड्याच, खिडक्यांवर चपट्या कमानी, पुढे व्हरांडा नि वर मंगलोरी कौलं. एक कौल उतरवलं तर मागे बेसल मिशन आणि १८६५ असा शिक्का निघाला, म्हणजे घर तेव्हाचंच का? आणि खालच्या विटांचा भुगा पडतोय, पांढरा लोणा फुटलाय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं सिमेंटने गिलावून टाकू. आईचा जीव आहे या घरावर, माझाही. काय करावं?

धुळेकर_सिव्हिल:
भाऊ, १८६५ हे घराचं साल नाही, बेसल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगलोरला कौलांचा कारखाना त्या साली काढला, तेच साल पुढे कितीतरी वर्षं शिक्क्यात येत राहिलं. घराचं वय काढायचं तर जुने कागद काढा. नुसतं जिल्हा खान्देश लिहिलं असेल तर तो कागद १९०६ च्या आधीचा, कारण त्या साली जिल्हा फुटून पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, तुमच्याकडे मग पूर्व खान्देश यायला लागलं.
बाकी घराची धाटणी व्हिक्टोरियन रेल्वे बंगल्याचीच वाटतेय. इंग्लंडात विटांवरचा टॅक्स १८५० मध्ये उठला, त्यात रेल्वेने विटा लांब लांब स्वस्तात जायला लागल्या, म्हणून तिकडे उघड्या लाल विटांची घरं गावोगाव झाली आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे इंजिनिअर तीच सवय इकडे घेऊन आले. फक्त व्हरांडा नि उंच छत आपल्या उन्हापायी. नाहीतर खान्देशात तेव्हा साध्या माणसाचं घर म्हणजे मातीच्या भिंती नि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. भिंत जवळून बघा, एका थरात विटांच्या फक्त लांब बाजू आणि वरच्या थरात फक्त डोकी, म्हणजे आखूड बाजू, दिसत असतील तर ती विटा रचायची पद्धत म्हणजे इंग्लिश बाँड, भक्कम म्हणून रेल्वेवाल्यांचा आवडता.

यावलचा_गवंडी:
दादा सिमेंट अजिबात लावू नका. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. जुनी वीट मऊ असते, जमिनीतली ओल ती वर ओढते आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, ती ओल बाहेर पडते. दर्जा सिमेंटने बंद केल्या की ओल विटेतून निघते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन साठतात नि तोंडच फुटून पडतं. चुना खराब झाला तर काढून परत भरता येतो, वीट कुठून आणणार.

तापीकाठचा:
आत्ताच बाहेर जाऊन टॉर्चने बघितलं. बाँड तोच आहे, एक थर लांब, एक थर डोकी. आणि भुगा पडतोय तो बरोबर कमरेपर्यंतच, तिथे दर्जा राखाडी नि कडक आहेत, कोणीतरी आधीच सिमेंट भरलंय. वर पांढरा चुना आहे, तिथे विटांच्या कडासुद्धा शाबूत. कोपऱ्याला एक तिरकी चीर पण आहे.

यावलचा_गवंडी:
मग झालंच की, भिंतीनेच सांगितलं. ते सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायचं, ग्राइंडर नको, विटेच्या कडा जातात. चुना चांगला मुरवलेला घ्या, त्यात वाळू नि थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड. पण उन्हाळ्यात हात लावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात चुना धरायच्या आधीच सुकतो नि भुकटी होते. पावसाळा सरला की करा, आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा.

धुळेकर_सिव्हिल:
चीर कोपऱ्यालाच आहे तर आधी कौलांचं पाणी कुठं पडतं ते बघा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, पायाचा एक कोपरा वर-खाली होत राहतो. पन्हाळ लावून पाणी भिंतीपासून लांब न्या, चिरेवर काचेची पट्टी चिकटवा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. काच तडकली तर चीर अजून चालू आहे, तसं झालं तर भरायच्या आधी मला कळवा, मी येऊन पाया बघतो.