संशयकल्लोळ : हसू भाषेचे की प्रसंगाचे?

प्रश्न

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ प्रयोगात पाहिले होते. अलीकडे त्याची संहिता वाचली. मोलिएरचे १६६० सालचे प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचे इंग्रजी नाटक आणि त्यावरून देवलांचे हे नाटक, असा त्याचा प्रवास आहे. पदांसह ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. संशयी फाल्गुनराव आणि त्यांची बायको कृत्तिका, तसेच आश्विनशेठ आणि त्यांची प्रेयसी रेवती, अशा दोन जोड्यांमधल्या गैरसमजांची ही गोष्ट. वाचताना एक शंका मनात राहिली. तसबीर कोणाची, ती कृत्तिकेच्या हाती कशी पडली, घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनरावांनी का सावरले, हे सारे आपल्याला डोळ्यांदेखत कळलेले असते, त्यामुळे रहस्य असे काही उरतच नाही. तरीही हसू शेवटपर्यंत टिकते. ते आपल्याला पात्रांहून अधिक ठाऊक असल्यामुळे टिकते, की संवादांच्या भाषेमुळे?

प्रतिसाद १

प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला अज्ञात, या नाट्यगत उपरोधावर शोकांतिकाही उभी राहते, हे आधी लक्षात घ्यावे. देवलांनीच शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकांतिकेचे ‘झुंझारराव’ केले. तिथेही संशयी नवरा आहे, निरपराध बायको आहे, आणि तिच्याविरुद्ध पुरावा ठरणारी एक क्षुल्लक वस्तू आहे. आपल्याला सत्य ठाऊक असते आणि म्हणूनच आपला जीव घाबरा होतो. ‘संशयकल्लोळा’त मात्र कान भरणारा खलपुरुष नाही. फाल्गुनराव स्वतःच फिर्यादी, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश होतात, आणि हे सारे घरात रोज बोलल्या जाणाऱ्या मराठीत चालते.

माझ्या मते खरी गंमत आणखी एका ठिकाणी आहे. रेवतीला आपण निव्वळ माणुसकीने सावरले आणि पाहणाऱ्याने त्याचा भलता अर्थ काढला, हे फाल्गुनरावांना स्वतःच्या बाबतीत पक्के ठाऊक असते. म्हणजे डोळ्यांना दिसलेले फसवे असू शकते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. पण कृत्तिकेच्या हातात तसबीर दिसताच तो अनुभव त्यांच्या उपयोगी पडत नाही. कृत्तिकेचेही अगदी तसेच. तसबीर आपण सहज उचलली हे तिला माहीत आहे, तरी नवऱ्याच्या वर्तनालाही असेच साधे कारण असेल, हे तिच्या मनाला शिवत नाही. आपल्याला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक आहे, एवढ्यावर आपण हसत नसतो. त्यांना जे ठाऊक आहे तेच त्यांना वापरता येत नाही, याचे हसू अधिक येते.

भाषा या ठिकाणी कामाला येते. संशयी माणसाचे सुटे वाक्य बहुधा खरेच असते: तसबीर होती, ती बायकोच्या हातात होती, ती तिच्याकडे निरखून पाहत होती. खोटा असतो तो त्यांना जोडणारा ‘म्हणजे’. देवलांचे गद्य छोट्या वाक्यांचे आणि संस्कृतप्रचुर अलंकारांपासून दूर असल्यामुळे ही जोडणी उघडी दिसते. तोच तर्क पल्लेदार भाषेत आला असता तर फाल्गुनराव विद्वान वाटले असते आणि गंमत गेली असती.

प्रतिसाद २

वरचे विवेचन फाल्गुनराव आणि कृत्तिकेला चपखल लागू पडते, पण आश्विनशेठ आणि रेवतीच्या जोडीकडे पाहिले की ते थोडे अडखळते. चौघेही एकमेकांवर संशय घेतात हे खरे असले, तरी चौघांचा संशय एका तोलाचा नाही. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली आहे, त्यामुळे तिच्यावरचा आळ लोकांना आधीच पटण्याजोगा वाटतो, आणि तिच्या निष्ठेला कुळाचा किंवा लग्नाचा आधार नाही. कृत्तिका फणकारली की घरातले भांडण होते. रेवतीवर अविश्वास दाखवला गेला की तिचे उभे आयुष्यच पणाला लागते. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या प्रथेवर ‘शारदा’ लिहिणाऱ्या नाटककाराला हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. प्रयोगात मात्र दोन्ही जोड्यांना एकाच लयीत पळवले जाते. पात्रांची महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेवलेली नावे त्यांना थोडी पंचांगातली मंडळी करून टाकतात, म्हणून आपण निर्धास्त हसतो, हेही आहेच.

प्रश्नकर्ता

रेवतीबद्दलचा मुद्दा पटला. एक पुरवणी प्रश्न विचारतो: स्वगते वाचताना मला ती अनावश्यक वाटली, कारण त्यांत सांगितलेले आपल्याला आधीच माहीत असते. आजच्या प्रयोगात ती गाळावीत का?

प्रतिसाद १

गाळू नयेत, फार तर आखडावीत. या नाटकातले स्वगत माहिती पुरवण्यासाठी नाहीच. पात्र चुकीच्या निष्कर्षाकडे एकेक पायरी कसे चढते, ते आपल्याला तिथे ऐकू येते, आणि प्रत्येक पायरीवर त्याला थांबवावेसे वाटत असूनही आपल्याला थांबवता येत नाही. स्वगत काढले तर थेट निष्कर्षच समोर येतो, आणि मग फाल्गुनराव केवळ मूर्ख दिसतात.

अट एवढीच की नटाने ते प्रेक्षकांकडे डोळे मिचकावत म्हणू नये. ‘मला कळते आहे हं, मी चुकतो आहे’ असा भाव चेहऱ्यावर आला की आपल्या आणि पात्राच्या माहितीतले अंतर मिटते आणि प्रसंग लुळा पडतो. पदांबाबतही हाच निकष लावता येईल. गैरसमज ऐन भरात असताना आलेले पद तो आणखी काही काळ लोंबकळत ठेवते, तोवर ते नाटकाच्या कामाचे. आलापी इतकी वाढली की कोण कोणावर का चिडले आहे याचाच विसर पडावा, तिथे दिग्दर्शकाने खुशाल कात्री चालवावी.