भाषा येत नव्हती, तरी जमलं : परदेशातले अनुभव

नागपुरात आता घराघरात कोणी ना कोणी बाहेरदेशी फिरून आलेलं असतं. विमान, हॉटेल, व्हिसा यांच्या गोष्टी खूप ऐकल्या. जिथं मराठी, हिंदी, मोडकं इंग्रजी सगळंच थकलं, तरी समोरच्या माणसाशी काही जुळलं, तेवढंच सांगा, असं नागपुरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या लोकांना म्हटलं.

इंदोरा :
आईला घेऊन थायलंडला गेलो होतो. दीक्षाभूमीवर 1956 साली तिचे आजोबा होते, तिचं दसऱ्याचं जाणं कधी चुकलं नाही. चियांग माईला 'वाट फ्रा सिंग' या विहारात भन्ते एका कुटुंबाला शील देत होते. आई मागं बायकांमध्ये बसली. आधी तिला काही उमजेना. मग एकदम माझा हात दाबला, "अरे, हे तर आपलंच आहे!" ते 'बुद्धं'ला 'फुत्थंग' म्हणत होते, 'गच्छामि'ला 'खच्छामि'. आई आपल्याच उच्चारात सुरू झाली. दुतियम्पि, ततियम्पि (दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा), कुठंच अडखळली नाही. शेजारची बाई आधी वळून बघत राहिली, मग तिनंही आवाज चढवला. नंतर दोघी पायऱ्यांवर अर्धा तास बोलल्या, ती थाईत, आई नागपुरीत. गुडघे दाखवून झाले, नातवंडांची उंची हातानं मोजून झाली. मी मोबाइलवर भाषांतर काढलं, तर आई म्हणे, "ठेव तो फोन."

मानेवाडा :
इस्तंबूलला खोलीतला साबण संपला. खालच्या काकांपुढं हात चोळले, फेस काढून दाखवला, तोंड धुतलं. शेवटी काका म्हणाले, "साबुन?" म्हणजे तेवढा एक शब्द सोडून मी बाकी सगळं करून राहिलो होतो! मग चहाचे ग्लास मागवून आम्ही दोन्हीकडचे सारखे शब्दच शोधत बसलो. हवा, दुनिया, मैदान, किताब. साबण न्यायचा मी विसरलोच.

धरमपेठ :
डिसेंबरात जपानमध्ये वाकायामाकडच्या लोकल गाडीत एका आजींनी पिशवीतून मिकान काढून दिलं. आपल्या संत्र्यासारखंच, सालही तशीच सैल. मी फोड तोंडात टाकून सवयीनं बियांसाठी हात धरला. बी निघेचना. मी तसाच बसलेला बघून आजी हसू आवरेनात. माझ्याकडं संत्रा बर्फी होती. मिकानकडं आणि बर्फीकडं बोट करत करत दोन स्टेशनं गेली, तेव्हा त्यांना समजलं. अर्धा तुकडा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

सीताबर्डी :
सगळे गोडगोडच सांगून राहिले. बँकॉकला टुकटुकवाल्यानं बोटं दाखवून भाडं सांगितलं. मी चार पावलं निघून गेलो. त्यानं हाक मारली, एक बोट कमी केलं. मी पुन्हा चाललो. आपल्या स्टेशनबाहेर ऑटोवाल्यांशी इतकी वर्षं हेच करतो, त्यामुळं शब्दाची गरजच पडली नाही. दोघंही खुशीत निघालो. उतरल्यावर हॉटेलात विचारलं, तर तरीही दुप्पट घेतले होते बापा!