‘बडतर्फ’, ‘कमी केलं’ की ‘नोकरी गेली’?

टाचणी
नोकरी शोधणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करतेय. त्यात एक प्रकरण आहे: आधीच्या नोकरीतून काढलं असेल तर ते मुलाखतीत कसं सांगावं. मूळ इंग्रजीत कामात कमी पडला म्हणून काढणं आणि कंपनीनं माणसं घटवली म्हणून जाणं, याला दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यासाठी मी ‘बडतर्फ’ घेतला. नमुन्याचं वाक्य असं झालं: ‘मला मागच्या कंपनीतून बडतर्फ करण्यात आलं, कारण माझी विक्रीची टार्गेट्स पूर्ण होत नव्हती.’ तपासणाऱ्या बाईंचा समासात शेरा: ‘याने गल्ल्यात हात घातला होता का?’ शब्दकोशात तर बडतर्फ म्हणजे नोकरीवरून दूर केलेला, एवढंच आहे. मग काय लिहू? ‘सेवासमाप्ती’ म्हटलं तर पेढे वाटावेसे वाटतात.

खडूफळा
बाई बरोबर आहेत. सरकारी नोकरीत तर हा फरक नुसता छटेचा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन निरनिराळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलेला माणूस पुढे सरकारी नोकरीला अपात्र ठरत नाही, बडतर्फ झालेला सामान्यतः ठरतो. राज्यघटनेच्या ३११व्या अनुच्छेदातही बडतर्फी वेगळी आणि पदावरून दूर करणं वेगळं. टार्गेट चुकलेल्या पोरानं स्वतःला बडतर्फ म्हणवून घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

जुना फिटर
आमच्या शॉपमध्ये बडतर्फ हा शब्द फक्त नोटीस बोर्डावर. बोलताना ‘त्याला कमी केला’. टेम्पररी असला तर ‘ब्रेक दिला’. चौकशी बसून गेला तर सरळ ‘डिसमिस’. आणि ‘कपात’ म्हणजे ज्याला लेबर कोर्टातले वकील रिट्रेंचमेंट म्हणतात ते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याची व्याख्याच अशी होती की शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलेला त्यात मोडत नाही. वर्षभर सलग काम केलेल्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. त्यामुळे कपातीत गेलेला ताठ मानेनं सांगायचा. ‘कमी केलं’ लिहा, दोन्हीकडे चालतं.

टाचणी
दोन्हीकडे चालतं हीच तर अडचण आहे, दादा. पुस्तिकेचं म्हणणं आहे की उमेदवारानं हा फरक स्पष्ट करावा. ‘मला कमी केलं’ म्हटलं की ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेणार.

निर्मोही
मुळात बडतर्फ हा शब्द हवाच कशाला? फारसी ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूला. ‘पदच्युत’ हा सुंदर शब्द धूळ खात पडलाय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय शोभेला?

पलीकडची खुर्ची
पदच्युत राजे होतात हो, सेल्समन नाही.

खडूफळा
निर्मोही, मग ‘राजीनामा’ही काढा. राजी अधिक नामा, संमतीचा कागद. जमीन महसुलाच्या जुन्या दप्तरात एकानं जमीन सोडताना राजीनामा द्यायचा आणि नव्या कब्जेदारानं कबुलायत, अशी जोडी होती. आणि आज आपण काय म्हणतो? ‘साहेबांनी राजीनामा लिहून घेतला’! कुणाला बसवून त्याच्याकडून राजीखुशी लिहून घ्यायची, ही करामत मराठीतच.

टाचणी
हे मात्र माझ्या कामाचं आहे. ज्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला त्यानं मुलाखतीत ‘मी राजीनामा दिला’ म्हणणं खोटं धरायचं का? कागद तर तेच सांगतो.

पलीकडची खुर्ची
भरतीचं काम करते, म्हणून सांगते. ‘राजीनामा दिला’वर थांबला तर खोटं नाही. पण मी ‘का दिलात’ विचारल्यावर ‘नवीन आव्हान हवं होतं’ म्हणालात की खोटं. पडताळणीत जुन्या कंपनीला फोन जातो. कधी ते फक्त तारखा सांगतात, कधी जास्त बोलतात. काढलं होतं म्हणून मी कुणाला नाकारल्याचं आठवत नाही, फॉर्मवर एक आणि फोनवर दुसरं निघालं म्हणून दिलेली ऑफर मागे घेतलीय. आणि ‘साहेबांशी पटेना’ हे तर सांगूच नका. मग माझा पुढचा प्रश्न त्या साहेबावर जातो, उमेदवार मोकळाच बसतो. एकानं छान सांगितलं होतं: ‘मला काढलं. घाऊक विक्रीतून थेट दारोदार विक्रीवर टाकलं, ते मला जमलं नाही, सहा महिन्यांत आकडे आले नाहीत. आता मी घाऊकचंच काम बघतोय.’ बस्स. यात कुठला जड शब्द आहे?

मृद्गंध
‘मला काढलं’ म्हणायला छाती लागते. माणसं ‘नोकरी गेली’ म्हणतात. वीज गेली, नोकरी गेली. कुणी घालवली ते वाक्यात नाहीच, आणि खोटंही काही बोललेलं नाही. पुस्तिकेत हेच घ्या.

पलीकडची खुर्ची
‘गेली’ ऐकलं की ‘कशी गेली?’ हे तोंडातून आपोआप येतं. म्हणजे तेच उत्तर, फक्त चाचरत.

मृद्गंध
येऊ दे की. पहिलं वाक्य निभलं की दुसरं जमतं. जो तिथे घाम फुटून बसलाय त्याचा विचार करा.

जुना फिटर
‘नोकरी गेली’ कंपनी बंद पडल्यावरही म्हणतात. परत दोन्हीकडे चालणारंच झालं.

निर्मोही
बरं, पदच्युत नको तर ‘अर्धचंद्र मिळाला’ घ्या. शुद्ध संस्कृत. बखोट धरून बाहेर काढताना बोटांचा अर्धा चंद्र होतो, त्यावरून.

खडूफळा
बखोट नव्हे, मानगूट. मान धरण्यासाठी पसरलेला अंगठा आणि बोटं यांचा तो आकार. आणि मुलाखतीत ‘मला अर्धचंद्र मिळाला’ म्हणाला तर समोरचा विचारेल, किती रुपयांचा पुरस्कार?

मृद्गंध
त्यापेक्षा ‘गच्छंती’ भारी. संस्कृतात ते ‘जातात’ असं साधं बहुवचनी क्रियापद, मराठीत आल्यावर नाम झालं आणि जातो एकटाच.

टाचणी
मंडळी, मजकूर शुक्रवारी द्यायचाय. सध्या शीर्षकात ‘कामावरून काढले असल्यास’ आणि नमुन्याच्या वाक्यात ‘मला काढलं’ ठेवलंय. माणसं घटवण्याला ‘कपात’. बाईंचा नवा शेरा आलाय: ‘काढलं हे फार उघडं वाटतं.’

पलीकडची खुर्ची
उघडंच असू दे.

निर्मोही
‘उचलबांगडी’चं कुणीच नाव घेतलं नाही?

जुना फिटर
उचलबांगडी म्हणजे बदली. काढणं नव्हे.

निर्मोही
वर्तमानपत्रवाल्यांनी बदली केलीय तिची. मूळ अर्थ हातपाय धरून उचलून बाहेर ठेवणं.

खडूफळा
उचलून बाहेरच ठेवलं तर बदली काय नि काढणं काय, दोन्ही बसतं. आमच्या घरी तर रडणाऱ्या पोराची व्हायची.